बाळाच्या लंगोटांचा हिशेब



घरांत बाळ यावयाचें असलें म्हणजे सातव्या महिन्यापासून बाळंतविड्याची तयारी सुरू होते. अंगडीं, टोपडीं, झबलीं, कुंच्या, दुपटीं हीं सारीं हौसेनें शिवलीं जातात. कुंचीला गोंडे लागतात, दुपट्यावर पोपट-मोर उमटतात. लंगोटाच्या वाट्याला हें कौतुक येत नाहीं. जुन्या धोतराचें किंवा धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचें फडकें घ्यावें, तें तिकोनी कापावें, दोन नाड्या लावाव्या, कीं झाला लंगोट. तरीहि ‘किती हवेत?’ हा प्रश्न ज्या एका वस्तूविषयीं अगदीं अडून विचारला जातो, ती वस्तु लंगोटच. आणि लंगोटावर घालावयाचीं, आंतली ओल बाहेर फुटूं न देणारीं आच्छादनें बाजारांत आल्यापासून त्या प्रश्नाला दुसरा प्रश्न जोडला गेला आहे : हीं आच्छादनें किती घ्यावीं?

आजीबाई एक आंकडा सांगतात, दुकानदार दुसरा सांगतो, शेजारीण तिसरा. तिघांचेंहि म्हणणें आपापल्या अनुभवापुरतें खरें असतें. तें निराळें कां होतें, हें कळण्यासाठीं या हिशेबाचा इतिहास पाहिला पाहिजे. तो इतिहास एका अर्थानें धुण्याचा व वाळवण्याचा, आणि म्हणून घरांतील स्त्रीच्या श्रमाचा इतिहास आहे. राजेरजवाड्यांच्या बखरींत त्याला जागा मिळाली नाहीं; पण वैद्यकाच्या ग्रंथांत, पेटंटांच्या दप्तरांत व युद्धकाळच्या कूपनांत त्याच्या खुणा सांपडतात.

या विषयावरचा आपल्याकडील अतिशय जुना आणि अतिशय समंजस उपदेश चरकसंहितेंत आहे. शारीरस्थानाच्या आठव्या, म्हणजे जातिसूत्रीय नांवाच्या अध्यायांत कुमारागाराचें वर्णन आलें आहे. बालकाचें अंथरूण-पांघरूण मऊ, हलकें, स्वच्छ व सुवासिक असावें. घामानें, मळानें, जंतूंनीं दूषित झालेलीं, किंवा मलमूत्रानें भिजलेलीं वस्त्रें टाकून द्यावीं, असें तेथें सांगितलें आहे. येथवरचा उपदेश श्रीमंताच्या वाड्याला शोभेल असा आहे. परंतु ग्रंथकार तेथें थांबत नाहीं. दुसरीं वस्त्रें मिळण्यासारखीं नसतील, तर तींच वस्त्रें नीट धुऊन, धुरी देऊन, स्वच्छ व कोरडीं करून पुन्हा वापरावीं, अशी सवलत तो लगेच देतो. आणि त्या धुरीसाठीं यव, मोहरी, जवस, हिंग, गुग्गुळ, वेखंड इत्यादि द्रव्यें तुपासह वापरावीं, असेंहि सांगतो.

या एका सवलतींत आपल्या प्रश्नाचें मर्म आलें आहे. वस्त्रें भरपूर असलीं तर श्रम थोडे; वस्त्रें थोडीं असलीं तर धुणें, धुरी देणें व सुकविणें हे तीन संस्कार चुकवितां येत नाहींत. तराजूच्या एका पारड्यांत कापड आणि दुसऱ्यांत श्रम. एक हलकें झालें कीं दुसरें जड व्हावयाचेंच. पावसाळ्यांत शेगडीवर बांबूची टोपली उपडी घालून, तिच्यावर बाळाचीं फडकीं पसरून, निखाऱ्यावर चिमूटभर ओवा टाकणाऱ्या आपल्या आज्यापणज्यांनीं चरक वाचला नव्हता. पण त्याचे तीनहि संस्कार त्यांच्या हातून रोज घडत होते.

आतां थोडें पश्चिमेकडे वळूं; कारण लंगोटावरचें आच्छादन ही वस्तु तिकडे जन्मली, आणि तिकडच्या थंड हवेंत ती जन्मण्यास सबळ कारणहि होतें. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत रोममध्यें वैद्यकी करणारा सोरानस हा ग्रीक वैद्य आपल्या स्त्रीरोगविषयक ग्रंथांत नवजात बालकाला मऊ लोंकरीच्या पट्ट्यांनीं हातापायांसकट कसें गुंडाळावें, हें सविस्तर सांगतो. बालकाचे कोंवळे अवयव सरळ वाढावे, हा त्यांतील हेतु. ही चाल युरोपांत पुढें दीड हजार वर्षांहून अधिक काळ टिकली. पट्टे सोडणें व पुन्हा बांधणें हें वेळ खाणारें काम. तेव्हां आंतलें फडकें वारंवार बदललें जाणें कठीणच. फडकीं थोडीं पुरत, धुणें थोडें होई, आणि उरलेला भार बाळाची त्वचा सोशी.

या चालीविरुद्ध अठराव्या शतकांत आवाज उठला. १७४८ सालीं विल्यम कॅडोगन या इंग्रज डॉक्टरानें लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलच्या, म्हणजे टाकलेल्या मुलांच्या आश्रमाच्या, एका चालकाला उद्देशून एक निबंध लिहिला. बालकाला आंवळून बांधूं नये, हलके व सैल कपडे घालावे, असा त्याचा आग्रह होता. पुढें १७६२ सालीं रूसोनें आपल्या ‘एमील’ या ग्रंथांत हाच मुद्दा जोरानें मांडला. हळूहळू पट्टे सुटले, बाळाचे हातपाय मोकळे झाले. या मुक्ततेबरोबर घरांत दुसरी अडचण आली. बाळ पाय झाडूं लागलें, फडकें जागच्या जागीं राहीना, आणि ओल अंथरुणाला, झग्याला व आईच्या मांडीला लागूं लागली. पूर्वीं अनेक थरांत मुरणारी ओल आतां एकाच फडक्यानें अडवावयाची होती.

या फडक्याला इंग्लंडांत ‘नॅपकिन’ आणि अमेरिकेंत ‘डायपर’ म्हणत. ‘डायपर’ हें मूळ बाळाच्या वस्त्राचें नांवच नव्हे. चौकटीची बारीक नक्षी विणलेल्या एका प्रकारच्या तागी कापडाला तें नांव होतें. त्या कापडाचे रुमाल व मेजावरचीं वस्त्रें होत. तें कापड ओल चांगली शोषी, म्हणून तें बाळाच्या कमरेला आलें आणि कापडाचें नांव वस्त्राला चिकटलें. तें कमरेशीं धरून ठेवण्यास साध्या टांचण्या लावीत, आणि त्या टोंचत. १८४९ सालीं न्यू यॉर्कच्या वॉल्टर हंट यानें, टोंक झांकलें जाईल अशी पिन तयार करून तिचें पेटंट घेतलें. पंधरा डॉलरांचें कर्ज फेडावयाचें म्हणून त्यानें तिचे हक्क चारशें डॉलरांस विकून टाकले. त्या सेफ्टी पिनेनें पुढें शंभर वर्षे जगांतील असंख्य लंगोट सांवरले.

आच्छादनाचा पहिला अवतार लोंकरीचा. इंग्लंडांत त्याला ‘पिल्च’ म्हणत. या शब्दाचा मूळ अर्थ केसाळ कातड्याचा अंगरखा; पुढें नॅपकिनावर बांधावयाच्या तिकोनी फ्लॅनेलला तें नांव मिळालें. लोंकरीच्या तंतूवर मेंढीच्या अंगचा जो स्निग्ध अंश असतो तो पाण्याला चटकन् आंत शिरूं देत नाहीं. आणि तंतु स्वतः पुष्कळ ओल पोटांत घेऊनहि हाताला कोरडा लागतो. शिवाय वारा आंत-बाहेर खेळत राहतो. म्हणून लोंकरीचें आच्छादन दरवेळीं धुवावें लागत नाहीं. तें वाऱ्यावर टांगलें कीं पुन्हा वापरतां येतें. आच्छादनें लंगोटांपेक्षां पुष्कळ कमी कां पुरतात, याचें उत्तर या जुन्या पिल्चांतच आहे : लंगोट प्रत्येक वेळीं भिजतो, आच्छादन प्रत्येक वेळीं मळत नाहीं.

मग रबर आलें. १८२३ सालीं चार्लस मॅकिंटॉश यानें दोन कापडांच्या मध्यें रबराचा थर देऊन जलाभेद्य कापड करण्याचें पेटंट घेतलें. तें कापड उन्हाळ्यांत चिकट व थंडींत ताठर होई. १८४४ सालीं चार्लस गुडइयर यानें गंधकाच्या योगानें रबर पक्कें करण्याच्या कृतीचें पेटंट घेतलें आणि तो दोष गेला. यानंतर रबरी कापडाच्या चड्ड्या बाळांसाठीं निघाल्या. अंथरूण वांचलें, झगा वांचला. धुण्याचा ढीग निम्मा झाला असें आईला वाटलें. पण लोंकर जें करीत होती तें रबर करीना. ओल बाहेर येईना, तशी वाफहि बाहेर जाईना. आंतली त्वचा भिजून, उबून लाल होऊं लागली.

याचें एक कारण १९२१ सालीं अमेरिकेंतील डॉक्टर कुक यांनीं दाखवून दिलें. मूत्रापासून अमोनिया तयार करणारा जंतु त्यांना लंगोटांत सांपडला. मळलेला लंगोट नीट धुतला नाहीं तर जंतु त्यांत राहतात, पुढच्या वेळीं ओल मिळतांच कामाला लागतात, आणि बंद, उबदार आच्छादनाखालीं त्यांचें फावतें. पुढें १९८० नंतरच्या संशोधनानें या चित्रांत भर घातली. केवळ अमोनिया त्वचेला फारसा पोळत नाहीं. पण त्यानें आम्लता घटली म्हणजे मळांतील पाचक द्रव्यें जोरावर येतात, आणि भिजून हळवी झालेली त्वचा तीं कुरतडतात. उपाय तोच राहिला : वेळेवर बदला, नीट धुवा, पुरतें वाळवा आणि वारा लागूं द्या. चरकाच्या उपदेशापासून हा उपाय फारसा दूर नाहीं.

दुसऱ्या महायुद्धानें हा घरगुती हिशेब सरकारच्या दप्तरांत नेला. १ जून १९४१ पासून इंग्लंडांत कापडावर नियंत्रण आलें. नॅपकिनांसाठींहि कूपनें मोजावीं लागूं लागलीं, म्हणून गरोदर स्त्रियांना जादा कूपनें देण्यांत आलीं. १९४२ सालीं साबणहि मोजून मिळूं लागला. त्याच वर्षाच्या आरंभीं मलाया व मागोमाग जावा-सुमात्रा जपानच्या हातीं गेल्यानें रबर दुर्मिळ झालें, आणि रबरी चड्ड्या दुकानांतून दिसेनाशा झाल्या. कापड कमी, साबण कमी, रबर नाहीं. तराजूचें श्रमाचें पारडें एकदम जड झालें. आपल्याकडेहि १९४३ सालीं कापड व सूत यांवर नियंत्रण आलें, आणि जुनें धोतर-लुगडें ही काटकसरीची वस्तु न राहतां गरजेची वस्तु झाली.

युद्ध संपल्यावर या कोंडींतून वाट काढली ती दोन आयांनीं. अमेरिकेंतील कनेक्टिकट संस्थानांत राहणाऱ्या मॅरियन डॉनोव्हन या बाईंनीं १९४६ सालीं स्नानगृहांतला जलरोधक पडदा कापून तो शिवणयंत्रावर घातला आणि लंगोटावरचें एक आच्छादन बेतलें. पुढें पॅराशूटचें नायलॉन वापरून, पिनेऐवजीं दाबाचीं बटणें लावून, त्यांनीं तें सुधारलें. नांव ठेवलें ‘बोटर’. आंत कापडाचा लंगोट, बाहेर हलकें आच्छादन. कारखानदारांना तें पसंत पडलें नाहीं. तेव्हां त्यांनीं स्वतःच तें विकावयास काढलें. १९४९ सालीं न्यू यॉर्कच्या सॅक्स फिफ्थ ॲव्हेन्यू या दुकानांत तें आलें आणि हातोहात खपलें. १९५१ सालीं पेटंट मिळालें, आणि त्याच वर्षीं हक्क दहा लक्ष डॉलरांना विकले गेले.

जवळजवळ त्याच सुमारास इंग्लंडांत व्हॅलरी हंटर गॉर्डन या एका लष्करी अधिकाऱ्याच्या पत्नीला तिसरें मूल झालें. नॅपकिनें धुण्याचा त्यांना वीट आला होता. त्यांनींहि पॅराशूटचेंच कापड घेतलें. त्याची बाहेरची चड्डी शिवली आणि आंत टाकून देण्याजोगी कापसासारखी मऊ गादी बसविली. मैत्रिणींना ती कल्पना इतकी आवडली, कीं स्वयंपाकघरांतील मेजावर त्यांनीं अशा शेंकडों चड्ड्या शिवून दिल्या. १९४९ सालीं चेस्टरफील्डच्या रॉबिन्सन अँड सन्स या कंपनीनें ‘पॅडी’ या नांवानें तें काम हातीं घेतलें. दोघींच्या युक्तींत भेद असा, कीं पहिलीनें अंथरूण वांचविलें, दुसरीनें धुणेंहि वांचविलें. दोघींचीहि सुरुवात घरच्या शिवणयंत्रावर झाली, हें मात्र ध्यानांत धरण्यासारखें आहे. धुण्याचें ओझें ज्यांनीं वाहिलें त्यांनाच त्यावरचा उपाय सुचला.

यापुढचा टप्पा सर्वांना ठाऊक आहे. अमेरिकेंतील प्रॉक्टर अँड गँबल या कंपनीनें प्लॅस्टिकच्या चड्डींत बसवावयाची कागदी गादी प्रथम टेक्ससांतील डॅलस येथें अजमावून पाहिली. तेथील कडक उन्हाळ्यांत त्या बंद चड्ड्या बाळांना सोसल्या नाहींत आणि तो प्रयोग फसला. मग रचना बदलून १९६१ सालीं पिओरिया या गांवीं ‘पँपर्स’ विकण्यास आणलें. प्रत्येकीं दहा सेंट ही किंमत लोकांना भारी वाटली. ती उतरल्यावर मात्र त्याचा प्रसार झाला. डॅलसचा धडा उष्ण देशांतील आपल्यासारख्यांनीं विसरूं नये. हवा न जाणारें आच्छादन थंड प्रदेशांत जितका वेळ चालतें, तितका वेळ आपल्या वैशाखांत चालत नाहीं.

वापरून टाकावयाच्या लंगोटांच्या कचऱ्याचा प्रश्न उभा राहिला तेव्हां कापडी लंगोटाकडे लोक पुन्हा वळले. कोणता बरा, यावर इंग्लंडच्या पर्यावरण खात्यानें २००८ सालीं एक तुलना प्रसिद्ध केली. सरासरी रीतीनें धुतलेल्या कापडी लंगोटांचा हवेवरील भार टाकाऊ लंगोटांच्या भाराएवढाच भरला. परंतु यंत्र पुरतें भरून धुतलें, दोरीवर वाळविलें आणि तेच लंगोट दुसऱ्या मुलासाठींहि वापरले, तर तो भार सुमारें ४० टक्के कमी होतो. उलट फार गरम पाण्यांत धुऊन दरवेळीं यंत्रांत वाळविले, तर तो टाकाऊ लंगोटांच्याहि वर जातो. लंगोटाचें कापड कसलें, यापेक्षां तो धुतला व वाळविला कसा जातो, यावरच शेवटीं सारें ठरलें.

आतां आपल्या घरचा हिशेब मांडूं. नवजात बाळाला दिवसाकाठीं सुमारें दहा ते बारा लंगोट लागतात. रोज सकाळीं कालचे लंगोट धुतले आणि संध्याकाळपर्यंत ते वाळले, तर आजचे बारा व वलणीवरचे बारा मिळून दोन डझन पुरतात. वाळण्यास एक दिवस अधिक लागला तर तीन डझन, दोन दिवस लागले तर चार डझन. म्हणजे मार्गशीर्षांत पुण्यास ज्या बाळाला दोन डझन पुरतील, त्यालाच आषाढांत रत्नागिरीस चार डझन हवेत. बाळ तेंच, बदललें तें ऊन. आजीबाई, दुकानदार आणि शेजारीण यांचे आंकडे निराळे कां, हें आतां लक्षांत येईल. प्रत्येकीचें अंगण निराळें होतें, ऋतु निराळा होता आणि घरांत मदतीला असलेले हात निराळे होते. मूल तीन-चार महिन्यांचें झालें म्हणजे बदल आठांवर येतात, पुढें सहांवर. म्हणून पहिल्या महिन्यांची गरज हीच मोठ्यांत मोठी धरावी.

आच्छादनांचा हिशेब याहून हलका आहे. नुसतें ओलें झालेलें आच्छादन आंतून पुसून वाऱ्यावर टाकावें आणि दोन आळीपाळीनें वापरावीं. मळ लागला तर मात्र तें लगेच धुण्यांत गेलें पाहिजे. या रीतीनें लहान बाळाला दिवसाला तीन-चार आच्छादनें लागतात. रोज धुणें असेल तर सहा पुरतात. एक दिवसाआड असेल तर आठ हवींत. हल्लींचीं आच्छादनें पातळ कापडाला पॉलियुरेथीनचा थर देऊन केलेलीं असतात. त्यांत पाणी मुरत नसल्यानें तीं सावलींतहि लवकर वाळतात. म्हणून पावसाळ्यासाठीं लंगोट दुप्पट करावे लागले तरी आच्छादनें दोन-एकच वाढवावीं. तीं उकळूं नयेत. तो थर सुटतो. जन्मीं असलेलें वजन पांचव्या महिन्याच्या सुमारास दुप्पट व वर्षअखेर तिप्पट होतें. तेव्हां एकाच लहान मापाचीं आठ घेऊन ठेवणें शहाणपणाचें नव्हे. बटणांच्या ओळींनीं लहानमोठीं होणारीं घ्यावीं, नाहींतर लहान मापाचीं थोडींच घ्यावीं. उन्हाळ्यांत घरीं असतां बाळाला कांहीं वेळ आच्छादनावांचून, नुसत्या लंगोटावर ठेवावें. त्यानें दुपटीं अधिक भिजतील, पण त्वचा वांचेल.

शेवटीं एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. लंगोटांची संख्या ठरवितांना घरोघर कापडाची किंमत मोजली जाते. धुणारीच्या वेळेची किंमत क्वचितच कोणी मोजतें. डझनभर लंगोट कमी घेतले तर थोडे रुपये वांचतात खरे, पण त्यांची भरपाई बाळंतीण, तिची आई, सासू किंवा घरची मोलकरीण हिला रात्रीं-बेरात्रीं उठून करावी लागते. दोन रात्री नीट झोंप न झालेल्या बाळंतिणीनें तिसऱ्या रात्रीं कोरडा लंगोट हातीं यावा म्हणून शेगडी फुंकीत बसावें, ही काटकसर नव्हे. तेव्हां बाळंतविड्याची यादी करावयास घरांतील मंडळी बसतील तेव्हां लंगोट धुणार कोण, ते वाळणार कोठें, आणि बाळाचा जन्म कोणत्या ऋतूंत यावयाचा आहे, या तीन प्रश्नांचीं उत्तरें आधीं लिहावीं. त्यांतील पहिल्या प्रश्नाचें उत्तर देतांना घरांतील पुरुषमंडळींनींहि आपलें नांव सुचविण्यास हरकत नाहीं. मग त्याखालीं लंगोटांचा व आच्छादनांचा आंकडा घालावा. तो सहसा चुकणार नाहीं.